पाव तोळा डाक

कट्टा गावच्या चढावर मोटर तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा गुरुदासानं चाकावर कपाळ टेकलं आणि तो तसाच बसून राहिला. बॉनेटखालून पेट्रोल ठिबकत होतं. तांबड्या धुळीत थेंब पडायचा, काळा डाग व्हायचा, आणि मे महिन्याचं ऊन तो पिऊन टाकायचं.

"इली परत वांती," मागच्या सीटवरून हौसाबाई म्हणाली. "सकाळधरना तिसरी. मोटर आसा काय गरवार बायल?"

तिच्या शेजारी तिची लेक सुनीती बसली होती, मांडीवर पत्र्याची ट्रंक घट्ट धरून. तिचा नवरा जहाजावर नोकरीला. सोळा महिन्यांनी त्याचं जहाज मुंबईच्या गोदीला लागलं होतं, तेही चार दिवसांसाठी. तार पोचण्यात एक दिवस गेला, निघण्यात दुसरा. आज मालवणच्या बंदरातून मोसमातली शेवटची आगबोट सुटायची होती. ती मिळाली तर उद्या मुंबई आणि हाती एक अख्खा दिवस. चुकली, तर घाटावरून एस्टीनं जाईपर्यंत जहाज निघून गेलेलं.

पुढच्या सीटवरून काशिनाथ शेट उतरले. कसालच्या बाजारातले सोनार, सुनीतीचे वडील.

"गुरुदासा, प्लग पुसलंस?"

"पुसलंय."

"आणि तो जेट?"

"फुकून फुकून माझो घसो सुकलो, शेटनूं."

"मगे पेट्रोलातच कचरो आसतलो. माझ्या डाकाक काय जावचा नाय. मोटर मोडात, पण तो डाक सुटाचो नाय."

"नाय सुटाचो," गुरुदास म्हणाला, आणि पुसलेला प्लग पुन्हा पुसायला लागला.

डाक सुटत नव्हता, हेच तर दुखणं होतं. कारबुरेटरच्या पेल्यात एक पितळेची पोकळ डबी असते, ड्रायव्हर लोक तिला फ्लोट म्हणतात. पेट्रोल भरत आलं की डबी तरंगत वर येते आणि सुई ढकलून पेट्रोलची वाट बंद करते. गुरुदासाच्या जुन्या विलायती मोटरीतल्या त्या डबीला परवा सुईच्या टोकाएवढं भोक पडलं. मेस्त्री गाठायचा तर कुडाळ गाठायला हवं. काशिनाथ शेट म्हणाले, डबी हाड हकडे. डबी गरम पाण्यात धरली, बुडबुड्यांची माळ कुठून निघते ते बघितलं, आतलं पेट्रोल सुकवलं आणि भोकावर कथलाचा डाक दिला, म्हणजे कथील वितळवून ते बुजवलं. मग लेकीला याच मोटरीनं जायचंय म्हणून जोडाच्या कडेनं सगळीकडून दिला. मायेनं दिला, देवाच्या मुकुटाला द्यावा तसा. आता डबी गळत नव्हती. पण पोट भरलेल्या म्हशीसारखी डुंबून राहायची, वर यायला बघत नव्हती. वाट उघडी ती उघडीच, आणि इंजिन पेट्रोलात बुडायचं.

गुरुदासाच्या हे दुसऱ्या थांब्यालाच लक्षात आलं होतं. पण सोनाराला कसं सांगायचं? दागिना जरा जड लागला की बायका पाठीमागे तेच म्हणतात, डाक जास्त घातल्यान. म्हणजे सोनं कमी, म्हणजे चोरी. एका लग्नात एका सोयऱ्यानं थट्टेत तसं म्हटलं होतं. त्या घरचं पाणी काशिनाथ शेट आजतागायत प्यायले नव्हते.

"मोटरीक जरा उगवतीक तोंड करून बघूया काय?" काशिनाथ शेट म्हणाले.

"तुमी तिचे कानच टोचा," हौसाबाई उसळली. "टोचूक रवले असतले, म्हणान आयकणा नाय कोणाचा!"

"तू गप रव गो."

"गप रवान बोट थांबतली? थांबतली तर रवतंय!"

सुनीतीनं ट्रंक आईच्या मांडीवर ठेवली आणि ती खाली उतरली. तिच्या कपाळावर घामानं कुंकू पसरलं होतं. ती गुरुदासाजवळ जाऊन उभी राहिली.

"दादानूं, खरा काय ता सांगा. मघापास्ना तुमी एकच प्लग पुसतास."

गुरुदासानं काशिनाथ शेटांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग मुकाट्यानं पेल्याचं झाकण काढलं, डबी बाहेर घेतली आणि म्हणाला, "फुलपात्र आसा?"

तिनं पाण्याचं फुलपात्र ओतून, पदरानं पुसून दिलं. त्यानं त्यात मोटरीतल्या जादा कॅनमधलं पेट्रोल घेतलं आणि डबी अलगद सोडली. पितळेवर एक बारीक तपकिरी रेघ होती. वीस वर्षं पेट्रोल जिथवर टेकत आलं, तिथली. ती रेघ आता बोटाच्या अर्ध्या पेराएवढी खाली बुडाली होती.

सोनाराच्या लेकीला सांगायची गरज नव्हती.

"बाबानूं," ती म्हणाली, "डाक जास्त झालो."

हौसाबाईनं तोंडावर हात ठेवला.

"काय म्हटलंस?" काशिनाथ शेट म्हणाले.

"डाक जास्त झालो. हयसर येवन बघा."

"माका सांगतंस? तीस वर्सां कोणाची छाती झाली नाय..."

"माका बोट गावाक व्हयी, बाबानूं." तिचा आवाज फाटला. "सोळा म्हयने झाले. तुमका राग येतलो तर येवंदे. मागीर व्हया तर माझ्याशी बोलू नकात."

काशिनाथ शेट दोन पावलं चालून आले. फुलपात्र उचलून डोळ्यांपाशी धरलं. बराच वेळ धरलं. राग चेहऱ्यावर होताच, पण डोळे कामाला लागले होते.

"रेघ खोटा बोलाची नाय," ते शेवटी म्हणाले. "माझी पिशवी हाड."

पिशवीत कानस होती, सोनं तोलायच्या काट्याची लाकडी पेटीही होती. घराबाहेर पडताना ती दोन्ही घेतल्याशिवाय त्यांना उघडं वाटायचं. फणसाच्या सावलीत मांडी घालून बसले. मांडीवर उपरणं पसरलं, चारी कोपरे सारखे केले आणि हळूहळू घासायला लागले. कथलाचा भुगा उपरण्यावर पडत होता. मधेच थांबून तो बोटानं एका ठिकाणी गोळा करत होते.

"अहो, कथील ता!" हौसाबाई ओरडली. "सोना न्हय! उडवा थंयच!"

"हाताक कळणा नाय. काय करू?"

"शेटनूं, बारा वाजान गेले," गुरुदास गयावया करत म्हणाला.

"घाई केली तर पितळ फाटात. मगे बसा."

तीनदा घासलं, तीनदा तरंगवलं. तिसऱ्या वेळी तपकिरी रेघ पेट्रोलाच्या काठाशी येऊन टेकली, सासरहून आलेली मुलगी उंबऱ्याशी येऊन उभी राहावी तशी. गुरुदासानं डबी जवळजवळ हिसकावूनच घेतली. तो झाकण बसवत होता तेव्हा काशिनाथ शेटांनी काटा काढला. भुगा पारड्यात घातला.

"तुमी आता वजन करतास?" हौसाबाईला रडू यायचंच बाकी होतं.

काटा स्थिरावला. "पाव तोळो," ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. "पाव तोळो जास्त झालो."

मोटर दुसऱ्या हँडलला सुरू झाली. चौके गेलं, कुंभारमाठाचा माळ गेला, आणि कुणी श्वास सोडला नाही. उतारावर समुद्र दिसला तेव्हा आगबोट खडकांपलीकडे नांगर टाकून उभी होती, आणि धक्क्यावरून उतारूंना बोटीवर नेणारा शेवटचा पडाव सुटत होता.

"रवा रे! मेल्यांनू, रवा!" गुरुदास हॉर्नवर हात दाबून ओरडला.

सुनीती धावली. नमस्कार नाही, ओटी नाही, मागं वळून बघणं नाही. ट्रंक आधी गेली, मग ती. पडावातल्या तांडेलानं तिला दंडाला धरून आत ओढलं.

"वायच पाया तरी पडाची," हौसाबाई नारळ हातात धरून म्हणाली.

"घोवाक भेटूक जाता ती. मधी आमी कित्याक?" काशिनाथ शेट म्हणाले.

पडाव लहान होत गेला आणि बोटीच्या काळ्या अंगाला जाऊन चिकटला. शिडीवर हिरव्या लुगड्याचा ठिपका चढायला लागला. काशिनाथ शेट डोळ्यांवर हात धरून त्याची एकेक पायरी ओठांतल्या ओठांत मोजत होते. भोंगा वाजला, आणि त्यांचा आकडा चुकला.