जंभेरीची पानं माझ्याकडे होती

मित्रांनो, नागपुरातल्या एका संशोधन संस्थेच्या मागच्या व्हरांड्यात, मोडक्या खुर्च्यांशेजारी मी उभा आहे. मी एक जुना डीप फ्रीझर. चौदा वर्षं मी पोटात उणे ऐंशी अंशांची थंडी सांभाळली. आता माझ्यात पाली राहतात.

नवा होतो तेव्हा माझं फार कौतुक झालं. पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणत, दार उघडून पांढरी वाफ दाखवत. पुढे दाराचं रबर झिजलं. थंडी निसटली की मी टूं टूं ओरडायचो. दुरुस्तीचे अर्ज गेले, उत्तर आलं नाही. हळूहळू सगळ्यांना माझ्या ओरडण्याची सवय झाली. येता-जाता कुणीही बटण दाबून मला गप्प करायचं.

त्याच काळात सोनिका आली. मनीषनगरला खोली घेऊन राहणारी, पीएचडी करणारी, कमी बोलणारी मुलगी. एके दिवशी तिनं बर्फाच्या डब्यातून जंभेरीची, म्हणजे एका आंबट रानलिंबाची, पानं आणली. संत्र्याचं कलम जंभेरीच्या खुंटावर बांधतात. काटोलकडच्या चंद्रभान यांच्या बागेत मुळं सडवणाऱ्या डिंक्या रोगानं सगळी संत्री गेली होती. धुऱ्यावरचं, शेताच्या बांधावरचं, एक जंभेरीचं झाड मात्र हिरवंगार उभं होतं.

ते कसं वाचलं, हे सोनिकाला शोधायचं होतं. काही पानांमधला डीएनए यंत्रानं लहान लहान तुकड्यांत वाचला. संगणकानं प्रत्येक तुकडा जंभेरीच्या डीएनएच्या आधीच तयार असलेल्या नकाशावर त्याच्या जागी ठेवला. बहुतेक ठिकाणी तुकड्यांचे तीस-तीस थर बसले. रोगाशी लढणाऱ्या एका जनुकाच्या जागी मात्र साठ.

तिनं लगेच चंद्रभान यांना फोन लावला. "काका, नकाशात ते जनुक एकच आहे. पण तुमच्या झाडात दोनदा आहे, असं वाटून राहिलं मले."

पलीकडून आवाज आला, "वाटून राहिलं, का आहेच?"

"पक्कं करायचं आहे. त्यासाठी डीएनएचे लांब, अखंड धागे वाचावे लागतात. उरलेली पानं ठेवली आहेत ना मी फ्रीझरमध्ये."

त्या तपासणीसाठी नंबर लागायला वेळ होता. तेवढ्यात रस्ता रुंद करणाऱ्या यंत्रानं धुऱ्यासकट ते झाड उपटलं. चंद्रभान पोचले तोवर खोड ट्रकमधून गेलं होतं. सापडलेली एक फांदी त्यांनी लावून पाहिली, जगली नाही. त्या झाडाचं जे काही उरलं, ते माझ्या तिसऱ्या कप्प्यात होतं.

मे महिन्यात तपासणीची तारीख मिळाली, मंगळवारची. आदल्या शुक्रवारी संध्याकाळी माझा कॉम्प्रेसर अडखळला. मी ओरडलो. सोनिका संगणकावर तेच साठ थर पुन्हा तपासत बसली होती.

"काहून रडून राहिला गा? रोजचंच आहे तुझं," म्हणत ती उठली. बटण दाबलं, दिवे मालवले आणि घरी गेली.

पुढचे तीन दिवस सुट्टी होती. बाहेर पंचेचाळीस अंश. आत बर्फाचं पाणी झालं, पाणी कोमट झालं. पानं काळी पडत गेली आणि ते लांब धागे तुटत गेले. मला सगळं कळत होतं.

मंगळवारी तिनं दार उघडलं. वास आला. पानांची पिशवी हातात धरून ती माझ्यासमोर फरशीवर बसली. काळं पाणी तिच्या ओढणीवर ठिबकत राहिलं.

आठवड्यानं चंद्रभान आले. तिनं काही लपवलं नाही. "काका, बटण मीच दाबलं."

ते माझ्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "झाडानं दोन-दोन ठेवले होते म्हणता, ताई. अन् आपण सारं एकाच कपाटात ठेवलं." समोर ठेवलेलं पाणीही न पिता ते गेले.

नंतर सोनिकानं गावोगाव फिरून जंभेरी तपासल्या. सगळीकडे तीसच थर. तिच्या प्रबंधात त्या झाडावर एकच ओळ आहे: दुसऱ्या प्रतीची शक्यता दिसली, पडताळणी होऊ शकली नाही. गेल्या वर्षी ती नोकरीसाठी शहर सोडून गेली. जाताना माझ्याकडे आली नाही. तिच्यावर माझा राग नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत एखादं जुनं यंत्र कुरकुरत असेल, तर त्याला काय होतंय ते एकदा बघा. दुरुस्त होतं तोवर दुरुस्त करा. त्याच्या पोटात कुणाचं काय ठेवलेलं आहे, हे वरून दिसत नाही.

चंद्रभान यांनी यंदा पुन्हा संत्रा लावला आहे, नेहमीच्याच खुंटावर, असं परवा व्हरांड्यात कुणीतरी बोलत होतं. डिंक्या आला तर त्यांना द्यायला माझ्याकडे काहीही नाही.