मी कुरकुरले नाही, ती संध्याकाळ

मिलपारा गावच्या सभागृहातील पहिल्या रांगेची खुर्ची मी. प्लास्टिकची नव्हे, लाकडाची, आणि मागच्या डाव्या पायाने किंचित लंगडी. माझ्यावर बसलेला माणूस मनापासून हसला, की मागे रेलतो आणि मी कुरकुरते. केवळ सभ्यपणाखातर हसणारा मागे रेलत नाही. सत्तर वर्षांत माझा हा अंदाज कधी चुकलेला नाही.

गावातल्याच सुताराने मला घडवले. लग्ने, नाचगाणी, भांडकुदळ सभा, सारे मी सोसले. या गावाची एक रीत मात्र मला उशिरा उमगली. इथे ज्याच्यावर जीव असतो, त्याचीच भर सभेत टर उडवतात. बँकेची शाखा बंद करायला शहरातून साहेब आला, तेव्हा सगळे त्याच्याशी अतिशय नम्रपणे बोलले. बिचारा खूश होऊन गेला! उलट गावातलाच रे पास्को वारला, तेव्हा त्याच्या शवपेटीसमोर उभा राहून डेस बेकरीवाला म्हणाला, "रे, जन्मात पहिल्यांदाच वेळेवर आलास बघ!" रेची पत्नी लॉर्ना माझ्यावर बसली होती. ती रडता रडता हसली आणि मी कुरकुरले.

त्यांची मुलगी टॅमसिन मेलबर्नला असते. रंगमंचावर एकटी उभी राहून लोकांना हसवणे हा तिचा व्यवसाय. वडील गेल्यानंतर दोन वर्षांनी, गेल्या शनिवारी, ती प्रथमच गावात कार्यक्रम करणार होती. लॉर्ना तासभर आधीच येऊन बसली. एवढ्या काळात लेकीचे फोन येत, ते हवापाण्यापुरते. आज तरी लेक पूर्वीसारखी आपली खोड काढील, या आशेने तिने मोहरी रंगाची, पिसांची एक भयंकर टोपी मुद्दाम घातली होती.

"लॉर्ना, आज तुझी धडगत नाही हं," डेस म्हणाला. "तुझ्या करपलेल्या मटणावरच पोरगी अर्धा तास काढील!"

"काढू दे की! तुझ्या पावांपेक्षा बरं असतं ते."

दिवे लागले. टॅमसिनने आधी डेसलाच धरले. "डेसकाका, सगळं लोणी टकलाला चोळता, म्हणून पाव कोरडे होतात!" मग नऊ वर्षे हरणारा फुटबॉल संघ. "आमची मुलं इतकी प्रेमळ, की पाहुण्यांना रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत!" सभागृह दणाणले. पाद्रीही सुटले नाहीत. दर वेळी लॉर्ना टोपी सारखी करून सरसावून बसे.

अखेरीस टॅमसिन आमच्याकडे वळली. "इथे माझी आई बसली आहे. तिने माझ्यासाठी फार केलं. मी तिची मनःपूर्वक आभारी आहे."

मी थिजले. हा तर बँकेच्या साहेबासाठी राखून ठेवलेला सूर! आणि तो सख्ख्या आईला? टाळ्या विरळ पडल्या. डेस आपल्या बुटांकडे पाहत राहिला. लॉर्नानेही टाळ्या वाजवल्या; पण तिची पाठ माझ्या पाठीला टेकली नाही. आम्हा दोघींत लाकडाची कोण, असा मला प्रश्न पडला.

कार्यक्रम संपला. लोक चहाकडे वळले, लॉर्ना उठली नाही. टॅमसिन कप घेऊन आली.

"आई, चहा घेतेस ना?"

"आभारी आहे."

टॅमसिनचा चेहरा पांढरा पडला. "अगं, असं काय बोलतेस? माझं काही चुकलं का?"

"अख्ख्या गावाला धुतलंस. त्या फुटबॉलवाल्या बावळटांनासुद्धा! आणि मी? मी काय परकी आहे?"

"बाबांना पुरून घरी आलो, त्या रात्री तूच ओरडली होतीस ना, माझ्यावर विनोद केलास तर याद राख म्हणून? तेव्हापासून फोनवरसुद्धा जपून बोलते गं मी."

"त्या रात्री मला हसू येत नव्हतं, टॅम." लॉर्नाने टोपी सारखी केली. "तू ते कायमचं धरून बसलीस?"

टॅमसिनची नजर हळूहळू वर गेली आणि टोपीवर थांबली.

"आई, खरं सांग. हे डोक्यावरचं जनावर मारलंस कशाने? मटण खाऊ घालून?"

लॉर्ना मागे कोसळली. मी अशी कुरकुरले, की चहापाशी उभा असलेला डेस दचकून वळला.

आता हाच डेस सोमवारी माझा पाय दुरुस्त करायला येणार आहे. डेस, माझी कळकळीची विनंती आहे, त्या पायाला हात लावू नकोस. टॅमसिन नाताळात पुन्हा येते आहे, आणि लॉर्नाने आत्तापासूनच माझ्यावर ती टोपी ठेवून जागा धरली आहे.