नुसतं पाहून गेलं

देवानंद पुण्याहून कॉम्प्युटर शिकून अंबडला परतला, तेव्हा त्याच्या आत्याने, सत्यशीलाबाईंनी, त्याला दोन कामं सांगितली. आपल्या वधू-वर केंद्राची वेबसाइट कर, आणि शहागडच्या पुंजारामांची नर्स झालेली मुलगी, विशाखा, पाहून ये. त्याने दोन्ही केली. साइट २००८च्या उन्हाळ्यात सुरू झाली. विशाखा पाहताक्षणी मनात भरली, पण होकार कळवायला गड्याला तीन आठवडे पुरले नाहीत. शिकलेल्या माणसाला विचार फार.

साइटवर त्याचंही स्थळ होतं. प्रत्येक स्थळाखाली 'जमलं' अशी लिंक. ती उघडली की स्थळ यादीतून जाई. आत्याला पासवर्ड आठवत नाही म्हणून कुलूपही घातलं नव्हतं. GET ही मागणी फक्त पाहण्यासाठी, काही बदलायचं तर POST, हा नियम देवानंदला पाठ होता. पण लिंक म्हणजे GET, आणि लिंक करायला सोपी. पाहू नंतर, म्हणाला.

सोमवारी दुपारी एका सर्च इंजिनचा प्रोग्राम साइट वाचायला आला आणि दिसेल ती लिंक उघडत सुटला. तासाभरात एकशे चाळीस स्थळं 'जमली'.

"कोणी केलं रे हे?" आत्याने विचारलं.

"कोणीच न्हाई. ते नुसतं पाहून गेलं."

"आपण पोरगी पाहतो, पोहे खातो, घरी येतो. तेवढ्यानं लग्न ठरतं का? तुझ्या मशीनमधी बरं ठरलं."

देवानंदने साइटची सकाळी काढून ठेवलेली प्रत परत चढवली, लिंकच्या जागी POST पाठवणारं बटण बसवलं आणि पासवर्ड आत्याच्या वहीत लिहून दिला. स्थळं परत आली. तेवढ्यात पुंजारामांचा फोन आला.

"साइटवरून देवानंदचं नाव गेलेलं दिसलं. जमलं म्हणे, बरं झालं. मंग आम्ही उद्या विशाखाला पाहायला वडीगोद्रीचे पाहुणे बोलावून राह्यलो."

यादी परत आणता येते, पाहुणे कसे परतवायचे? त्याने आत्याच्या हातून फोन घेतला.

"काका, माझं कुठंच जमलं न्हाई. मला विशाखाच पसंत आहे. कवाचं सांगायचं होतं."

पलीकडे कुजबुज झाली. मग फोन विशाखाच्या हातात गेला.

"पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगते," ती म्हणाली. "पण होकार आजच न्हाई देणार. तुम्ही घेतला तेवढा वेळ मीबी घेईन."