सहा चाळीसची स्लाइड

पाचला पाच मिनिटं कमी असताना साहेबांनी वीस स्लाइडींचा ट्रे तिच्या मायक्रोस्कोपशेजारी ठेवला आणि ट्रेवर एक छापील कागद.

"एवढ्या संपवून जा, ताई. आणि खाली सही करा. बाकी सगळ्यांनी केलीय."

तिने कागद वाचला. 'मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय, रोज दोन तास जादा काम करण्यास तयार आहे.'

"स्वखुशीने," ती म्हणाली.

"कागदाची भाषा तशीच असते हो."

सिंकजवळ रंगारी काचा जांभळ्या रंगात बुडवत होता. पेशींना रंग देणं हे त्याचं काम, म्हणून हे नाव. मान न वळवता तो म्हणाला, "घड्याळबाई, करून टाका सही. खुशी काय, मागाहून येईल."

घड्याळबाई हे नाव जुनं होतं. एकोणीस वर्षं ती पाचच्या ठोक्याला मायक्रोस्कोपवर आच्छादन घालून निघत असे. नेमणुकीच्या पत्रात आठ तास लिहिले होते, आणि डोळ्यांनाही तेवढेच झेपत. बायकांच्या गर्भाशयमुखाच्या पेशी तपासायच्या, हजारो चांगल्या पेशींतून एखादी बिघडलेली, कर्करोगाकडे झुकणारी हुडकायची. थकलेला डोळा तिथे बघत राहतो, पण त्याला दिसत नाही. चार महिन्यांपूर्वी एक तपासनीस सोडून गेली. तिची जागा भरली नाही, आणि 'आठवडाभर सांभाळून घ्या' म्हणत तिचे ट्रे हिच्याकडे आले. नवऱ्याचं काम नुकतंच सुटलं होतं. हिने सांभाळून घेतलं, रोज सातपर्यंत बसून.

गेल्या आठवड्यात, कुणी सांगितलं नसताना, तिने आपल्याच संध्याकाळच्या स्लाइडी सकाळी पुन्हा पाहिल्या. तेविसावी सहा चाळीसला वाचलेली होती; शेरा, निर्दोष. काचेच्या कडेला सात पेशींचा पुंजका होता. केंद्रकं मोठी, काळसर, वेडीवाकडी. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीलाही दिसली असती. तिने ती तशीच साहेबांसमोर नेऊन ठेवली होती.

"त्या बाईंना बोलावलंत का?" तिने आता विचारलं.

साहेबांनी आवाज खाली आणला. "वर्षभराने येतीलच की तपासणीला. एका स्लाइडीपायी लॅबचं नाव घालवायचंय का?"

"वर्षभर थांबेल ते?"

"आणि चूक तुमची आहे, हे विसरताय. हे बाहेर निघालं तर आधी मान तुमची अडकणार. घरी काय चाललंय, मला ठाऊक नाही का?"

रंगाऱ्याच्या हातातली काच भांड्याच्या कडेवर वाजली.

मी थकते, असं म्हणून कुणी ऐकणार नव्हतं. जादा तासांनी काय होतं, याचा एकच पुरावा तिच्याजवळ होता, आणि तो तिच्याच विरुद्ध होता.

तिने पेन उघडलं. 'स्वखुशीने'वर रेघ ओढली आणि खाली लिहिलं : स्लाइडचा नंबर, तारीख, कामाचा दहावा तास. 'ही मी चुकीची वाचली. पाचनंतर मी स्लाइड वाचणार नाही.' सही केली. मग दुरुस्तीचा अहवाल भरला. त्यावर वाचणाऱ्याची सही पुरते, साहेबांची लागत नाही. तो पाकिटात घालून, वर त्या बाईंचा पत्ता लिहून, तिने बाहेर जाणाऱ्या टपालात ठेवला.

"हे गळ्याशी येईल तुमच्या," साहेब म्हणाले.

"आलंच आहे, साहेब."

पाच वाजले. तिने आच्छादन घातलं.

दुसऱ्या दिवशी तिला काउंटरवर बसवलं. चौकशी होईपर्यंत नावं लिहायची, अर्ज आत पाठवायचे. रंगारी जाताजाता घुटमळला. "इथून घड्याळसुद्धा दिसत नाही तुम्हाला," म्हणाला. मग हळूच, "केलेली सही परत घेता येते का हो?"

"येते. लेखी द्यावं लागतं."

तो मान हलवून गेला. देईल की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

चौथ्या दिवशी एक बाई आली. अंगावर कारखान्याचा एप्रन, हातात पुन्हा तपासणीला बोलावणारं लॅबचं पत्र.

"लवकर होईल का? सुपरवायझरने वीसच मिनिटं सोडलंय." मग काउंटरवर वाकून ती म्हणाली, "माझं कुणीतरी चुकीचं वाचलं म्हणे."

"मी वाचलं."

बाईने पत्राची घडी घातली.

"आणि आता कोण वाचणार?"

"दुसऱ्या आहेत. चांगल्या आहेत."

बाई बाकाच्या टोकाशी बसली. एप्रनची गाठ तिने सोडली नाही. हिने नवा अर्ज घेतला, नंबर घातला, वेळेच्या रकान्यात अकरा वाजून दहा मिनिटं लिहिली. आत पाठवण्याआधी कोपऱ्यात आणखी एक ओळ घातली : स्लाइड आजच वाचावी. पाचच्या आत.