निळ्या रंगाखालचा बोल्ट

मित्रांनो, हसू नका, पण मी एक जुना बोल्ट आहे आणि मलाही काही सांगायचं आहे. रोमानियातल्या एका डोंगराळ गावात पांतेलिमोन म्हातारा राहतो. त्याच्या अंगणात एक मोटारसायकल उभी असते. तिच्या बाजूला एका माणसाला बसायची साइडकार जोडलेली आहे. या दोघी ज्याच्या जोरावर एकमेकींना धरून राहतात, तो मी.

कारखान्यात लालबुंद लोखंडातून मला ठोकून काढलं आणि अंगावर आटे पाडले. तेव्हा मी चकचकीत होतो, आणि त्याचा मला भारी तोरा होता. पांतेलिमोन गाडी चालवायचा. त्याची बायको सावेता मांडीवर अंड्यांची टोपली घेऊन साइडकारमध्ये बसायची. "अहो, हळू! अंडी फुटतील!" असं ती प्रत्येक वळणावर ओरडायची. वळण आलं की सगळा भार माझ्यावर यायचा. गाडी धुताना ती माझ्यावरून फडकं फिरवून म्हणायची, "याच्या जिवावर बसते मी." मग काय, मी आणखीच ताठ व्हायचो.

पुढे सावेता वारली. गाडी अंगणात थांबली ती थांबलीच, आणि माझा कोंडमारा सुरू झाला.

आमच्या गावात ईस्टरच्या आधी अंगणातली एकही उभी वस्तू रंगातून सुटत नाही. झाडांच्या बुंध्यांना चुना, कुंपणाला निळा रंग. आणि उरलेला रंग? तो पांतेलिमोन माझ्या डोक्यावर थापायचा! मला ना कधी सोडवलं, ना पुसलं, ना तेलाचा थेंब दाखवला. नुसता रंगावर रंग. आत मी गंजत होतो, आणि येणारे-जाणारे म्हणायचे, "वा, काय निळीशार ठेवलीय गाडी!" मला बोंब मारावीशी वाटे. दर वसंतात आशा वाटायची की यंदा पाना येईल. यायचा तो ब्रशच.

मग म्हाताऱ्याचे गुडघे गेले आणि तोही घरात अडकला. सावेताची कबर टेकडीवर आहे. तिथल्या चिखलाच्या वाटेवर मोटार चढत नाही, आणि मोटारसायकलवर मागे बसायला त्याचा पाय उचलत नाही. ईस्टर उलटल्यावर पितरांच्या दिवशी सगळं गाव लाल अंडी, गोड पाव आणि वाइन घेऊन कबरींपाशी जेवायला जातं. हा आपला खिडकीत.

गेल्या वर्षी त्याची मुलगी रुक्सांद्रा हत्यारांची पेटी घेऊन शहरातून आली.

"बाबा, यंदा तुम्हाला साइडकारमधून आईकडे नेणार. पण तिला गाडीशी जोडणारा दांडा गंजून कुजलाय, सोडून वेल्डिंग करावं लागेल. हा बोल्ट अख्खा निघाला पाहिजे. या मापाचा आता कुठे मिळत नाही."

"नाही निघायचा तो. राहू दे," म्हातारा गुरगुरला.

"राहू दे काय? असल्या दांड्यावर बसलात तर थेट आईशेजारी झोपायला जाल!"

तिने रंग खरवडला, तेल सोडलं, शेक दिला आणि पाना लावला. आता माझी मान मोडते असं मला वाटलं. तेवढ्यात कर्रकन आवाज झाला आणि मी फिरलो. मित्रांनो, किती दिवसांनी हवा लागली म्हणून सांगू!

तिने मला तारेच्या ब्रशने घासून लख्ख केलं. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून मला त्यात उभं खोचलं, डोकं वर आणि आटे आत झाकलेले. "रंग फक्त डोक्याला," असं म्हणून ती दांडा घेऊन वेल्डरकडे गेली.

तिची पाठ वळते न वळते तोच म्हातारा काठी टेकत आला. त्याने मला उपसलं आणि कुंपणाच्या निळ्या रंगात बुचकन बुडवलं. अख्खं! पुन्हा तोच वास, तोच अंधार. मी मनातल्या मनात त्याला नाही नाही ते बोललो.

पितरांच्या दिवशी सकाळी रुक्सांद्रा मला बसवू लागली. नट जेमतेम चढला आणि अडकला.

"बाबा! आटे रंगवतं का कुणी? जोर केला तर मोडेल हा. मग बसा खिडकीत!"

म्हातारा खाली मान घालून बसला. "तुझी आई गेल्यावर शेजारचा गाव्रिला सारखा यायचा. म्हणायचा, साइडकार टाक काढून आणि गाडी मला दे. तिची जागा टाकू? मी बोल्टच बुजवून टाकला. म्हटलं, कुणाच्या बापाला सुटायचा नाही."

"आणि परवा पुन्हा का रंगवलात?"

"परवा तू सोडवलास ना गं. वाटलं, आता तीही सुटली."

रुक्सांद्राने पाना खाली ठेवला. तिने रॉकेलची वाटी आणि सुई त्याच्यापुढे ठेवली. "हा रंग तुम्हीच काढा आता."

त्याने एकेक आटा कोरून साफ केला. इतकी वर्षं मी समजत होतो की हा मला विसरला. त्याने तर जिवाच्या आकांताने मला धरून ठेवलं होतं. मला रडता येत नाही, नाहीतर रडलो असतो.

ग्रीस लावून मला बसवलं. म्हातारा सावेताच्या जागी बसला, मांडीवर लाल अंड्यांची टोपली घेऊन. टेकडीचं वळण आलं, सगळा भार माझ्यावर आला, आणि तो ओरडला, "अगं, हळू! अंडी फुटतील!"

मित्रांनो, जीव लावलेल्या वस्तूला बुजवून ठेवू नका. अधूनमधून तिला सोडवा, पुसा, तेलाचं बोट लावा. परवा पुन्हा वसंत आला. म्हातारा निळा डबा घेऊन माझ्याकडे आला तेव्हा वाटलं, झालं, पुन्हा ब्रशच. पण त्याने डबा खाली ठेवला आणि खिशातून आधी पाना काढला.