नाव एकीचं, फोटो दुसरीचा

मतदानाची शाई कातडीवरून पंधरवड्यात निघून जाते. नखावरची मात्र निघत नाही. नखच तिला घेऊन हळूहळू पुढे सरकतं. शीरखुर्म्याची वाटी पुढे करणाऱ्या हुस्नबानूंच्या बोटावरची रेघ आता नखाच्या मध्यावर आली होती आणि तिच्या मागे स्वच्छ गुलाबी नख उगवलं होतं.

उत्कर्षाने वाटी घेतली. तिची नजर कुठे आहे ते हुस्नबानूंनी ओळखलं.

"बघून घ्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या बोटाला काही लागायचं नाही."

हुस्नबानू खालच्या मजल्यावर राहत. चार पिढ्या पुण्यात गेलेल्या. जानेवारीत महापालिकेचं मतदान झालं, तेव्हा हडपसरच्या या सोसायटीतला जो तो बोट वर करून फोटो काढत होता. उत्कर्षा एकटी जिन्यातून मुकाट्याने खाली उतरली होती. नंतर पाण्याच्या तक्रारीसाठी बायका नगरसेवकाकडे गेल्या, तेव्हा सह्या घेताना हुस्नबानू सहज म्हणाल्या होत्या, "यांची नको. या पाहुण्या आहेत."

एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत उत्कर्षा नमुने तपासायची. शाईतलं सिल्व्हर नायट्रेट तिच्या रोजच्या हाताखालचं. ते तपकिरी बाटलीत ठेवतात, कारण उजेड लागला की ते काळं पडतं. तिच्याही मनात एक गोष्ट अशीच बाटलीबंद होती.

तिचं नाव अजून सासरच्या गावी, वाशीम जिल्ह्यातल्या पिंपळदऱ्यात होतं. फ्लॅट घेतला त्याच वर्षी तिच्या नवऱ्याने, योगेशने, आपलं नाव पुण्यात आणलं. सासरे महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. "तुझंही करून टाकू," तो दर निवडणुकीला म्हणायचा. "पुढच्या वेळी," ती म्हणायची. लोकसभा असो, विधानसभा असो की ग्रामपंचायत, हडपसरच्या गाडीतळावर मतदारांना न्यायला गावची गाडी येऊन उभी राहिली की उत्कर्षा पिशवी घेऊन निघायची. गावाची ओढ, असं सगळे समजायचे. खरं कारण वेगळं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सासरे सर्जेराव ओट्यावर चार माणसांत म्हणाले होते, "आमची सून एमेस्सी हाये. सरपंचाची जागा बाईसाठी सुटली, की हेच उभी राह्यन. नाव गावातच राहू दे, पोरी."

तिने नाव राहू दिलं. मनातल्या मनात मांडे खात राहिली. गावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणलं, तपासलं, कुठली विहीर पिण्याची नाही ते सासऱ्यांना लिहून दिलं. ग्रामसभेत उभं राहून काय बोलायचं, हे बसमधून येता-जाता ठरवलं. यंदा आरक्षणाची सोडत निघाली आणि जागा बाईसाठी सुटली. दोन दिवस ती फोन जवळ घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी दीर वैजनाथचा फोन आला. "वहिनी, रूपालीचा अर्ज भरला."

मागून सासऱ्यांचा आवाज आला, "तू आता पुण्याची झाली व. गावात राहनारी पाह्यजे." बोलणं रास्त होतं. म्हणूनच ते जिवाला जास्त लागलं. मत द्यायला ती गावची, उभं राहायला पुण्याची.

रूपाली तिची धाकटी जाऊ. बारावी झालेली, गोड गळ्याची, कुणाशीही दोन मिनिटांत सलगी करणारी. उत्कर्षाला ती कधी नावडली नव्हती. आता मात्र रूपालीचा नुसता फोन आला, तरी तिचं मन आंबट होऊन जाई.

पिंपळदऱ्याची निम्मी तरणी माणसं हडपसर, मांजरी, फुरसुंगीत पोटासाठी आलेली. तेव्हा प्रत्येक उमेदवाराला एकदा पुण्याला येऊन मेळावा घ्यावाच लागे: मसालेभात, जिलबी, हात जोडणं आणि मतदानाच्या गाडीत कोण कोण बसणार ते पक्कं करणं. रूपालीचा मेळावा रविवारी ठरला. वैजनाथने फ्लेक्सचं काम वहिनींवर सोपवलं आणि घरच्या बारशातला एक फोटो पाठवला. त्यात दोघी जावा शेजारी शेजारी उभ्या होत्या. घरात कार्य असलं की सासूबाई दोघींना एकसारखी साडी घेत. दोघी जांभळ्या काठपदरात, दोघींच्या डोक्यावर पदर.

हुस्नबानूंच्या मुलाचं, अरबाजचं, फ्लेक्स छापायचं दुकान होतं. उत्कर्षाने त्याला मजकूर आणि फोटो पाठवला आणि खाली लिहिलं: जांभळी साडी, डोक्यावर पदर. डावीकडची की उजवीकडची, ते लिहिलं नाही. प्रयोगशाळेत नमुन्याच्या बाटलीवर चिठ्ठी नसेल, तर ती बाटली परत पाठवणारी बाई होती ती.

संध्याकाळी दुकानातल्या कामगाराने जुळवलेला, छापायच्या आधीचा नमुना अरबाजने तसाच पुढे पाठवला. 'काकू, एकदा बघून घ्या.' तिने पाहिलं. खाली ठसठशीत अक्षरांत 'सौ. रूपाली वैजनाथ', आणि वर हात जोडलेल्या चित्रात तिचा स्वतःचा चेहरा. गंभीर, किंचित हसरा. तिथे तो शोभत होता. तिने तो बोटांनी मोठा करून पाहिला, पुन्हा लहान केला. कुकरची शिट्टी झाली, तरी ती उठली नाही. मग तिने 'ठीक' लिहून पाठवून दिलं.

रविवारी मांजरीच्या एका मंगल कार्यालयाच्या छोट्या हॉलमध्ये फ्लेक्स टांगला, तेव्हा आधी कुजबुज झाली, मग हशा पिकला.

"अहो, ह्या तर योगेशच्या घरच्या," कुणीतरी म्हणालं.

एका सोसायटीत वॉचमन असलेले कोंडीराम पुढे आले, चष्मा वर करून त्यांनी बारकाईने पाहिलं. "फोटो बराबर हाये," ते म्हणाले. "नाव चुकलं."

पुन्हा हशा झाला. उत्कर्षाच्या अंगातून एक ऊब सरकत गेली, आणि तिच्या मागोमाग लाज. तिने रूपालीकडे पाहिलं. रूपाली पदर तोंडाला लावून सगळ्यांपेक्षा जास्त हसत होती. तिने माईक हातात घेतला. "माह्या जाऊबाईचं तोंड पाहून मतं पडतीन, तर पडू द्या की. घरचंच तोंड हाये."

टाळ्या पडल्या. एवढ्या टाळ्या आपल्या पाण्याच्या तपासणीला कधी पडल्या नसत्या, असं उत्कर्षाला वाटलं. मग रूपाली खाली उतरून माणसांत फिरली, कुणाच्या पाया पडली, कुणाचं लेकरू कडेवर घेतलं. ती जिथे जाई तिथल्या खुर्च्या तिच्याकडे वळत. तो वळण्याचा आवाज उत्कर्षाला बसल्या जागी ऐकू येत होता.

वैजनाथ मात्र हसला नव्हता. कोपऱ्यात जाऊन त्याने अरबाजला फोन लावला. "डोळे फुटले का बे? पैसे घेता अन् बाई बदलता? विरोधी पार्टीनं फोटो फिरवला, तर काय तोंड दाखवू?" पलीकडून अरबाज शांतपणे काही सांगत होता. "चूक झाली म्हने," वैजनाथ फोन बाजूला धरून म्हणाला. "दुसरा फुकट छापून देतो म्हने. मी सोडनार नाई याले."

अरबाजने तिचं नाव घेतलं नव्हतं. खालच्या मजल्यावरचं पोरगं, रोज जिन्यात 'काकू' म्हणणारं.

"त्याला बोलू नका, भाऊजी," उत्कर्षा म्हणाली. "त्याने मला आधी दाखवलं होतं. मीच ठीक म्हटलं."

वैजनाथ तिच्याकडे बघत राहिला. योगेशनेही पाहिलं. जवळ उभ्या कोंडीरामांनी जिलबीचं ताट उचललं आणि ते दुसऱ्या रांगेकडे गेले.

दुपारी सगळे घरी आले. योगेश आणि वैजनाथ बाहेरच्या खोलीत गाड्यांचा हिशोब लावत बसले. रूपाली स्वयंपाकघरात चहाला आधण ठेवून ओट्याला टेकली.

"ताई, घाईत झालं का?"

"नाही," उत्कर्षा म्हणाली. "चांगलं निरखून पाहिलं होतं."

रूपालीने मान हलवली. साखरेचा डबा उघडला, झाकण हातातच ठेवलं. "सोडत निघाली त्या दिवशी मी पापड लाटत होती. मामाजी आले अन् म्हने, आधारकार्ड काढ. मले कोनी विचारलं नाई, ताई. मले वाटलं, तुमाले विचारलं असन अन् तुमीच नाई म्हनलं असन."

"मला कुणी विचारलं नाही."

"मग आपन दोघी सारख्याच." ती थोडं थांबली. "पन आता खरं सांगू का? आता मले आवडू राह्यलं. लोकं नावानं हाका मारतात. आता कोनी म्हनलं की जागा ताईले दे, तर मी देनार नाई."

उत्कर्षाला वाटलं होतं, खरं बोलणं झालं की आतलं आंबट निवळेल. ते निवळलं नाही. समोर उभी असलेली बाई तिला आवडत होती आणि तिच्या हातातलं तिला हवं होतं; दोन्ही गोष्टी एकाच भांड्यात, एकमेकींत न मिसळता होत्या. एवढंच, की आपण इतकी वर्षं कशाची वाट पाहत होतो ते आता लख्ख दिसत होतं. ते आता गावात नव्हतं. इथेही कुणी तयार ठेवलेलं नव्हतं. इथे तर साध्या कागदावर सहीसुद्धा चालत नव्हती.

आधण उकळू लागलं. रूपालीने पत्ती टाकली.

बाहेरून वैजनाथचा आवाज आला. झाल्या गोष्टीचा राग त्यात अजून होता, पण हिशोब हिशोबाच्या जागी होता. "वहिनी, पहिल्या गाडीत खिडकीची जागा तुमची धरली. अन् बाबांनी सांगतलं, लोकसभेलेबी असंच येजा म्हना."

योगेश स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता, दर निवडणुकीला बघायचा तसा.

उत्कर्षाने गॅस बारीक केला, हात पुसले आणि ती दारात येऊन उभी राहिली.

"या खेपेला येईन, भाऊजी. मत रूपालीलाच देईन," ती म्हणाली. "पण ते माझं तिथलं शेवटचं. परत आले की गावातलं नाव काढून मी इथे टाकतेय."