मक्यातला भोंगा

आमच्या जिल्ह्यातला माणूस कशालाही भीत नाही. उन्हाला नाही, पुढाऱ्याला नाही, भुताला तर नाहीच; भूत आमच्याकडे मुक्कामाला आलं तर दोन दिवसांत कंटाळून परत जाईल. हे माझं पक्कं मत आहे आणि ते मी चिखलीच्या टॉकीजमध्ये, दुपारच्या खेळाला, दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन आणि डोळ्यांवर रुमाल धरून बसलो असताना बनवलं.

सिनेमा नागसेनचा होता. नागसेन म्हणजे आमचे शेतशेजारी भाऊराव, त्यांचा नातू. पुण्याला शिकायला गेला आणि सिनेमा काढून परत आला. नाव 'सातवा धुरा', म्हणजे शेताचा सातवा बांध. भुताचाच, पण नेहमीच्या जातीचा नाही. ह्या जातीत सिनेमा कोणी काढलेलाच नसतो. चार पोरं रानात जातात, मरतात, मागून त्यांचा कॅमेरा सापडतो आणि त्यात जे निघेल ते आपण तिकीट काढून पाहायचं. पळता पळता काढलेलं असल्यामुळे चेहरे कमी आणि चपला जास्त दिसतात. शिवाय जीव गेला तरी पोरगं कॅमेरा सोडत नाही. मला साधं झुरळ दिसलं तरी हातातली कपबशी सुटते. मध्यंतराच्या आधीच माझं मत तयार होतं: सिनेमा टुकार आहे.

तेवढ्यात मका आला.

पडद्यावर डोक्याच्या वर गेलेला मका, आभाळ भरून आलेलं, कॅमेरा धापा टाकतोय. आजूबाजूला चिटपाखरू नाही. आणि एकदम आवाज आला, "ए! सरक मांगं! कोन हाय बे तिथं? मांगं सरक! हाड!"

सगळी टॉकीज किंचाळली. आमच्या सोजराबाईंनी, म्हणजे माझ्या पत्नीनं, शेजारी बसलेल्या सिंधूताईंचा हात असा धरला की त्यांच्या दोन बांगड्या फुटल्या. सिंधूताई म्हणजे भाऊरावांच्या पत्नी. बांगड्या फुटल्याचं त्यांनाही नंतर कळलं.

मी मात्र रुमाल काढला. तो मका माझा होता. आवाज भाऊरावांचा होता. आणि ज्यातून तो येत होता तो भोंगाही माझाच होता.

आमच्याकडे कणसं भरायला लागली की रानडुकरं येतात. रोज जागलीला कोण जाणार? म्हणून आता जो तो भोंगा लावतो. बांबूला बांधलेला लहानसा भोंगा, खाली बॅटरी, आणि त्यात माणसाचा ओरडा भरून ठेवायचा. तो थांबून थांबून वाजत राहतो. शेतात माणूस आहे असं डुकरांना वाटतं. गेल्या वर्षी मी भोंगा आणला त्या दिवशी घसा खाकरून, शर्टाची वरची गुंडी लावून तयार बसलो होतो. सोजराबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "भाऊरावले बलावा," म्हणाल्या.

भाऊराव एसटीत कंडक्टर होते. चिखली–देऊळगाव राजा गाडीत उभी माणसं मागं सरकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांनी धुऱ्यावर उभं राहून एकदाच ओरडून दिलं, चहा घेतला आणि गेले. डुकरंही गेली. पुढं नागसेन त्या मक्यात शूटिंगला आला तेव्हा भोंगा चालूच होता. बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

मी चाळीस वर्षं साप्ताहिकात विनोदी सदर लिहिलं. एकदाही कोणाची बांगडी फुटली नाही.

"रोज आयकते तू तो आवाज," मी टॉकीजच्या बाहेर आल्यावर विचारलं. "मंग आज काऊन घाबरली?"

"रोज तो डुकराले म्हनते," सोजराबाई म्हणाल्या. "आज मले म्हनला."

बाहेर भाऊरावांभोवती ही गर्दी. एका बाईनं तिचं पोरगं पुढं केलं. "आबा, याले जरा वरडा न. जेवतच नाई." भाऊराव ओरडले. पोरगं जेवतो म्हणालं. शेजारी उभ्या असलेल्या एका माणसानं हातातला वडा एका घासात संपवला. मग फोटो सुरू झाले. मी जरा पुढं होऊन भाऊरावांच्या खांद्याशी उभा राहिलो, तर एकानं माझ्या हातात फोन दिला. "काका, आमचा एक काढा न." मी काढला. हात हलला. फोटोत भाऊरावांच्या चपला आल्या.

आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. टपरीवर मी आपलं मत मांडायला सुरुवात करावी, "कथानक तसं ढिसाळच हाय," तर चहावाला म्हणणार, "थे राहू द्या हो. भाऊरावचा आवाज तुमच्याच मक्यात हाय न? नशीब काढलं तुमी."

शेवटी एका दुपारी मी एकटाच शेतात गेलो, भाऊरावांचा आवाज पुसला आणि माझा भरला. नुसतं ओरडणं नाही. ते कोणीही करतं. आधी शांतता. मग कुजबुज. मग, "मी… आलोय…" आणि त्यावर हसणं, हळूहळू चढत जाणारं. शेवटी थोडा खोकला आला होता, पण तो मला अर्थपूर्ण वाटला म्हणून राहू दिला. परत ऐकलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला.

"भोंग्यापाशी काय करून राह्यले होते?" घरी सोजराबाईंनी विचारलं.

"बॅटरी पाहून राह्यलो होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं शेतात गेलो. कडेचा मका जसाच्या तसा उभा होता. डुकरं तो सोडून आत गेली होती आणि भोंग्याच्या बांबूभोवती गोल पंगत करून जेवली होती. कणसं घाईत ओरबाडलेली नव्हती. निवांत सोलून खाल्लेली होती. एक डुक्कर तर जेवण झाल्यावर तिथंच लोळून गेलं होतं. वर भोंग्याचं चालूच होतं: "मी… आलोय…" मग हसणं, मग खोकला.

सोजराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. खोकल्यासकट.

"कोन बिमार हाय हा?" त्या म्हणाल्या.

मी खाली पडलेली कणसं गोळा करायला लागलो. भोंगा पुन्हा खोकला. हा खोकला सोजराबाई चाळीस वर्षांहून जास्त काळ ऐकत आल्या आहेत.

"तुमी होय!" त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, उरलेला मका तरी ठेवा. सोडून घ्या तो भोंगा अन् जा भाऊरावकडे. आत्ताच्या आत्ता."

भाऊराव ओट्यावर बसले होते. शेजारी नागसेन होता. सिंधूताई आत चुलीपाशी होत्या. मी पिशवी घेऊन येताना दिसलो तसे भाऊराव सरकून बसले. टॉकीजमध्ये काय आणि ओट्यावर काय, सगळ्या जगाला सरकवणारा हा माणूस माझ्यासाठी स्वतः सरकतो, याचाही मला राग आला.

"या, नारायणराव, या! साऱ्या गावानं सांगतलं, तुमचंच राह्यलं. कसा वाटला सिनेमा?"

"खरं सांगा हं, आजोबा," नागसेन माझ्याकडे वाकून म्हणाला. "तुमच्या मताची वाट पाहून राह्यलो मी. बाकीचे नुसते छान म्हनतात."

पोरगं खरंच वाट पाहत होतं. आठवडाभर घासून धार लावलेलं मत माझ्या जिभेवर होतं: ढिसाळ कथानक, हलणारा कॅमेरा, चपला. मी बसलो नाही, उभाच राहिलो.

"भाऊराव," मी म्हणालो, "भय हा फार अवघड रस आहे."

नागसेननं मान डोलावली. सिंधूताईही दारात येऊन उभ्या राहिल्या. भाऊरावांनी बिडी विझवली. मी पिशवीत हात घातला, भोंगा काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

"याच्यात अजून एक डाव वरडून द्या," मी म्हणालो. "मका चाल्ला."

भाऊरावांनी भोंगा उचलला. नीट चालतो का पाहायला बटण दाबलं. "मी… आलोय…" भोंगा म्हणाला. हसला. खोकला.

"सुंठीचा चहा टाकू का?" सिंधूताईंनी काळजीनं विचारलं.

भाऊरावांनी एकवार माझ्याकडे पाहिलं, माझा आवाज पुसला, घसा साफ केला आणि सगळ्यांना गप्प बसायची खूण केली. नागसेननं घाईघाईनं फोन काढून शूटिंगला धरला. मी भाऊरावांच्या कानाशी वाकलो.

"भाऊराव," मी हळूच म्हणालो, "शेवटचं 'हाड' तेवढं मी म्हनू का?"